बक्षीस, अर्ज आणि हक्क : शिपायाच्या पेन्शनचा कायदेशीर प्रवास

मी उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवतो. बक्षीस, अर्ज आणि हक्क हे तीन शब्द दोन्ही वर्गांत मुलांना ओळखीचे असतात. बक्षीस देणाऱ्याच्या मर्जीवर असते. अर्ज म्हणजे आपले म्हणणे वरच्यापुढे मांडणे. हक्क मात्र मर्जीवर अवलंबून नसतो. अरबीत 'हक्क' या शब्दाचा एक अर्थ 'सत्य' असाही आहे. आपल्या देशातल्या शिपायाच्या पेन्शनचा दीडशे वर्षांचा इतिहास या तीन शब्दांत सांगता येतो. तो सांगण्याचे कारण असे, की आपल्या गावांतली बरीच फौजी कुटुंबे अजून पहिल्याच शब्दापाशी थांबलेली आहेत.

गावात शिकलेला माणूस म्हणून लोक माझ्याकडे इंग्रजी पत्रे वाचून घ्यायला येतात. त्यांत रिटायर जवानांची आणि त्यांच्या बेवांची पत्रेही असतात. "सर, सरकारने नाही म्हटलंय, मग झालं ना?" हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. "नाही, झालं नाही," एवढे उत्तर पुरे पडत नाही. का झालं नाही, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

कृपेचा काळ

इंग्रज सरकारने 1871 मध्ये पेन्शन्स ॲक्ट केला. त्याच्या चौथ्या कलमाने सरकारने दिलेल्या पेन्शनबद्दल दिवाणी कोर्टात दावा लावण्याची वाट बंद केली. कलेक्टरचे प्रमाणपत्र मिळाले तरच कोर्ट प्रकरण हाती घेऊ शकत असे. यामागची समजूत उघड होती. सरकार देते ती मेहरबानी, आणि मेहरबानीबद्दल फिर्याद होत नाही.

याच कायद्यात शिपायाच्या फायद्याच्याही दोन गोष्टी होत्या, आणि त्या आजही कामाच्या आहेत. पेन्शनवर सावकाराला किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याला जप्ती आणता येत नाही. तसेच पुढे मिळायची पेन्शन दुसऱ्याच्या नावे लिहून दिली, तर तो कागद कायद्याने निरर्थक ठरतो. कर्जापोटी पेन्शनचे कागद किंवा बँकेचे पासबुक कुणी ठेवून घेत असेल, तर त्याच्या हाती कायद्याने काहीही येत नाही, हे घरातल्या बायकांनाही माहीत असायला हवे.

दावा लावता येत नव्हता, पण अर्ज करता येत होता. या अर्जांच्या इतिहासात आपल्या कोकणाची जागा मोठी आहे. दापोलीला लोक 'कॅम्प दापोली' म्हणत, कारण तिथे कंपनीची छावणी होती आणि पुढे वयस्क शिपायांची व्हेटरन बटालियन होती. पेन्शनर शिपायांची वस्ती तिथे वाढली. लष्करातून निवृत्त झालेले हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी याच भागात 'अनार्य दोषपरिहारक मंडळी'चे काम केले. महारांची लष्करभरती बंद झाल्यावर, 1894 मध्ये, त्यांनी सरकारला उद्देशून अर्ज लिहिला. पुढे 1910 मध्ये पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी थेट लंडनच्या भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. आमच्या बापजाद्यांनी तुमची लढाई लढली, मग आमच्या मुलांना दार का बंद, असा त्याचा आशय होता. भरती पहिल्या महायुद्धात उघडली, 1921 मध्ये पुन्हा बंद झाली आणि 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. अर्जाला उत्तर मिळायला किती काळ लागतो, आणि तरी अर्ज का करावा लागतो, याचा हा धडा आहे.

शिपाई आघाडीवर, दावा गावात

पहिल्या महायुद्धात लाखो हिंदी शिपाई फ्रान्स, मेसोपोटेमिया आणि आफ्रिकेत होते. त्यांची घरी जाणारी पत्रे सेन्सॉरच्या कचेरीत वाचली जात. त्यांतली कितीतरी उर्दूत होती, आणि भाषांतराच्या रूपाने आज ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तोफांच्या आवाजात लिहिलेल्या या पत्रांत घरचे वादही आहेत, जमिनीचे आणि पैशाचे.

शिपाई परदेशी आणि भाऊबंदांनी गावात दावा लावला, तर तो एकतर्फी जाणार हे ठरलेले. यावर 1918 मध्ये एक कायदा झाला आणि त्याच्या जागी 1925 मध्ये इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्ट आला. हा कायदा आजही जिवंत आहे. शिपाई युद्धाच्या किंवा कायद्याने ठरवलेल्या विशेष परिस्थितीत सेवेवर असेल आणि त्याच्या वतीने कोर्टात कुणी हजर नसेल, तर कोर्टाला दावा थांबवता येतो. तशी खबर कलेक्टरनेही कोर्टाला द्यायची असते. त्याच्या गैरहजेरीत हुकूमनामा झालाच, तर तो रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो. तो काळ दाव्याच्या मुदतीतून सर्वसाधारणपणे वगळलाही जातो.

स्वातंत्र्यानंतर 1950 मध्ये आर्मी ॲक्ट आला. त्यातली एक तरतूद सुट्टीवर आलेल्या प्रत्येक जवानाने लक्षात ठेवावी. कोर्टातल्या कामासाठी रजा मिळाल्याचा दाखला युनिटकडून घेऊन तो कोर्टात दिला, तर शक्यतो त्या रजेच्या काळातच सुनावणी लावावी असे कायदा सांगतो. महाराष्ट्राच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यातही फौजी घरमालकाला स्वतःच्या वापरासाठी घर परत मिळवण्याची वेगळी सोय आहे. ही कलमे पुस्तकात पडून आहेत, आणि जवान रजा संपली म्हणून पुढची तारीख घेऊन परततो.

1982 : एकाच वर्षात दोन निकाल

संविधानाच्या कलम 33 ने संसदेला सैनिकांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार दिला. शिस्तीसाठी ते आवश्यक मानले गेले. पण गणवेश घातला म्हणजे माणूस संविधानाच्या बाहेर गेला का? सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये याचे उत्तर दोन बाजूंनी दिले. दोन्ही निकाल न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांच्या लेखणीतून उतरले.

पहिला ऑगस्टमधला, लेफ्टनंट कर्नल पृथीपालसिंग बेदी यांच्या प्रकरणातला. कोर्ट मार्शलच्या निकालावर पुरावा पुन्हा तपासणारे एकही अपील नाही, ही मोठी उणीव आहे, असे न्यायालयाने स्पष्ट नोंदवले.

दुसरा निकाल 17 डिसेंबर 1982 चा, डी. एस. नकारा यांच्या प्रकरणातला. सरकारने पेन्शनचे सूत्र सुधारले, पण नागरी सेवेत 31 मार्च 1979 ही तारीख घालून त्याआधी निवृत्त झालेल्यांना वगळले. सैन्यदलांसाठीही अशीच तारीख ठरवली होती. अर्जदारांपैकी नकारा संरक्षण मंत्रालयातून निवृत्त झालेले होते, दुसरे अर्जदार सैन्यदलातले होते. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्यासह न्यायमूर्ती तुळजापूरकर, देसाई, चिन्नप्पा रेड्डी आणि बहारुल इस्लाम असे पाच न्यायाधीश बसले होते. त्यांनी ती तारीख समानतेच्या कलम 14 ला धरून नाही म्हणून काढून टाकली. पेन्शन ही मालकाच्या मर्जीवरची खैरात नाही, ती केलेल्या सेवेतून आलेली मिळकत आहे, असा निकालाचा गाभा होता. देवकीनंदन प्रसाद खटल्यात 1971 मध्येच ही दिशा ठरली होती, नकारा निकालाने ती घरोघर पोहोचवली. आज 17 डिसेंबर हा पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो.

1871 पासून 1982 पर्यंत एकशे अकरा वर्षे झाली. बक्षीस या शब्दापासून हक्क या शब्दापर्यंत यायला एवढा काळ लागला.

आजार कुणामुळे?

माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत सर्वांत जास्त पत्रे अपंगत्व पेन्शनच्या नकाराची असतात. त्यांत एक ठरलेले वाक्य असते, की आजार लष्करी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. घरचे लोक ते वाचून गप्प बसतात. डॉक्टरांच्या बोर्डाने लिहिले, मग आपण काय बोलणार?

धरमवीरसिंग नावाचे जवान गप्प बसले नाहीत. ते 1985 मध्ये भरती झाले आणि फिट्सच्या आजारामुळे 1994 मध्ये त्यांना घरी पाठवले गेले. आजार प्रकृतीचाच आहे म्हणून पेन्शन नाकारली गेली. 2 जुलै 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. तर्क साध्या माणसालाही पटेल असा होता. भरतीच्या वेळी तुमच्याच डॉक्टरांनी तपासले. तेव्हा कागदावर या आजाराची नोंद नव्हती. मग पुढे झालेला आजार सेवेतच झाला असे धरून चालावे लागेल. तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी जवानावर नाही, सरकारवर आहे, आणि मेडिकल बोर्डाला आपल्या मताची कारणे लिहावी लागतील.

सप्टेंबर 2023 पासून अपंगत्व पेन्शनसाठी नवे नियम आले आहेत. त्यामुळे त्यानंतर निवृत्त झालेल्यांनी आपले प्रकरण नव्या नियमांखाली तपासून घ्यावे. जुन्यांना मात्र धरमवीरसिंग यांनी उघडलेले दार अजून उघडे आहे.

उशिराची किंमतही इतिहासात नोंदलेली आहे. तरसेमसिंग यांना 1983 मध्ये आजारपणामुळे सेवेतून बाहेर काढले गेले. ते हायकोर्टात गेले 1999 मध्ये. पेन्शन दर महिन्याची असल्याने त्यांचा हक्क बुडाला नाही, पण 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थकबाकी फक्त अर्ज करण्याआधीच्या तीन वर्षांपुरती ठेवली. मधल्या वर्षांचे पैसे गेले. हक्क होता, अर्ज नव्हता.

न्यायाधिकरण आले, प्रश्न उरले

बेदी निकालात दाखवलेली उणीव भरायला पंचवीस वर्षे गेली. कायदा आयोगाने 1999 मध्ये शिफारस केली, 2007 मध्ये आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलचा कायदा झाला आणि ऑगस्ट 2009 पासून काम सुरू झाले. मुंबईतही त्याचे खंडपीठ आहे. पेन्शन, बढती आणि कोर्ट मार्शलवरचे अपील तिथे चालते. 2015 च्या एका निकालामुळे ट्रिब्युनलनंतर हायकोर्टात जाण्याची वाट जवळपास बंद झाली होती, ती मार्च 2023 मध्ये परशोतम दास प्रकरणात पुन्हा मोकळी झाली.

'वन रँक वन पेन्शन'साठी माजी सैनिक 2015 मध्ये जंतरमंतरवर बसले. सरकारने योजना जाहीर केली, पण तिच्या तपशिलावर वाद राहिला. 16 मार्च 2022 रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने योजना वैध ठरवली आणि 1 जुलै 2019 पासूनची फेरआखणी करून थकबाकी देण्यास सांगितले. चाळीस वर्षांपूर्वीच्या नकारा खंडपीठावर त्यांचे वडील होते. माजी सैनिकांना सगळे मिळाले नाही, पण खैरात या शब्दाकडे कुणी परत गेले नाही.

बेवांचा प्रश्न मला फार लागतो. शौर्यपदकाचा भत्ता बेवेला पुनर्विवाहानंतरही हवा असेल, तर तिने मयत नवऱ्याच्या भावाशीच लग्न करावे, अशी अट आपल्या सरकारी हुकुमात नोव्हेंबर 2017 पर्यंत होती. देशासाठी मेलेल्या माणसाच्या बायकोने कुणाशी निकाह करावा हे कचेरी ठरवत होती. ती अट गेली, हे चांगले झाले. ती इतकी वर्षे टिकली, याची लाज आपल्याला वाटायला हवी.

आणि आता नवा प्रश्न. जून 2022 मध्ये अग्निपथ योजना आली. अग्निवीराची सेवा चार वर्षांची. त्यातल्या 25 टक्क्यांपर्यंत मुलांना पुढे कायम केले जाईल, बाकीच्यांना ठरलेली रक्कम मिळेल, पण पेन्शन आणि ग्रॅच्युइटी नाही. योजनेविरुद्धच्या याचिका 2023 मध्ये फेटाळल्या गेल्या. ज्या पेन्शनला हक्क म्हणवून घ्यायला एकशे अकरा वर्षे लागली, ती या मुलांच्या करारातच नाही. माझे काही विद्यार्थी पहाटे उठून याच भरतीसाठी पळतात. सही करण्याआधी त्यांना हे माहीत असावे, एवढे तर शिक्षक म्हणून माझे काम आहे.

वाचकहो, तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी फौजी असेल तर चार गोष्टी सांगा. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश आणि मेडिकल बोर्डाचे कागद यांच्या प्रती वेगळ्या जपून ठेवा. बायकोचे नाव आणि जन्मतारीख लष्कराच्या नोंदीत आणि आधारवर एकच आहे का ते आजच पाहा. नकाराचे पत्र आले तर त्यावरची तारीख लिहून ठेवा, कारण अपिलाच्या आणि ट्रिब्युनलच्या मुदती तिथून मोजल्या जातात. आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या. पत्र इंग्रजीत असेल आणि वाचता येत नसेल, तर जवळच्या शाळेतल्या कुठल्याही शिक्षकाकडे जा. तो नाही म्हणणार नाही.