प्रथिन आहे, पण ते चालू आहे का?

मागच्या महिन्यात माझी रात्रीची ड्युटी होती. डॅशबोर्डवर सगळं हिरवं, सर्व्हिस 'रनिंग', आणि काम मात्र शून्य. प्रोसेस जिवंत आहे, एवढंच कळत होतं. ती काम करतेय का, हे कोण सांगणार? जीवशास्त्रज्ञांनाही हाच प्रश्न छळत होता.

आपल्या पेशींत क्रेब नावाचं प्रथिन असतं. जनुकं चालू करणं हे त्याचं काम. १९८९ मध्ये साल्क इन्स्टिट्यूटच्या गोंझालेझ आणि माँटमिनी यांनी दाखवलं, की त्याच्या १३३व्या जागेवरच्या सेरीनला फॉस्फेट चिकटलं की ते कामाला लागतं. त्या सेरीनच्या जागी ॲलनीन बसवलं, तर सीएएमपीचा निरोप येऊनही जनुक ढिम्म!

पण फॉस्फेट चिकटलंय हे बघायचं कसं? जुना मार्ग म्हणजे पेशींना किरणोत्सारी फॉस्फरस देणं. जिवंत प्राण्याच्या मेंदूत, एकेका पेशीत हे बघणं महाकठीण. मग उपाय? प्रतिपिंड. १९८२ मध्येच पॉल ग्रीनगार्ड यांच्या गटाने फॉस्फेट असलेलं आणि नसलेलं प्रथिन वेगळं ओळखणारी प्रतिपिंडं बनवली होती. साधारण रीत अशी: प्रथिनाचा छोटा तुकडा फॉस्फेटसकट बनवायचा, तो सशाला टोचायचा, आणि सशाच्या रक्तातून फक्त फॉस्फेटवाला तुकडा ओळखणारी प्रतिपिंडं गाळून घ्यायची.

१९९३ मध्ये गिंटी, ग्रीनबर्ग आणि सहकाऱ्यांनी क्रेबसाठी अशी प्रतिपिंडं वापरली. हॅमस्टरला उजेड दाखवला, आणि काही मिनिटांतच मेंदूतल्या घड्याळाच्या केंद्रात क्रेबवर फॉस्फेट दिसलं. गंमत बघा, हे कधीही होत नव्हतं. ज्या वेळी उजेडाने शरीराचं घड्याळ पुढेमागे सरकतं, फक्त त्याच वेळी. उजेड तोच, पण घड्याळ ठरवणार की निरोप आत घ्यायचा की नाही.

एक सावधगिरी. क्रेबचा भाऊबंद एटीएफ-१ याच्याही त्या जागेची रचना तशीच आहे, त्यामुळे अशी प्रतिपिंडं त्यालाही पकडतात. म्हणजे खूण दिसली, तरी ती कुणाची हे तपासावंच लागतं.

आणि हो, हॅमस्टरवरून थेट माणसावर उडी मारू नका. पण त्या ड्युटीनंतर मी दोन गोष्टी केल्या. डॅशबोर्डवर 'काम झालं का' हे मोजणारा वेगळा आकडा लावला. आणि झोपताना फोन उशाखालून काढून दुसऱ्या खोलीत ठेवला. तुम्ही हे रात्री दोनला ऐकत असाल, तर... भेटू पुढच्या भागात!