यंत्रावरील नाममुद्रा

एखाद्या वस्तूचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे पहिला प्रश्न हाच उभा राहतो कीं, ती केली कोणीं? कागदपत्रांच्या बाबतींत ह्या प्रश्नाचें उत्तर आपल्या पूर्वजांनीं मुद्रा आणि मोर्तब यांच्या रूपानें देऊन ठेवलें आहे. छत्रपतींच्या पत्राच्या माथ्यावर मुद्रा उमटे, आणि मजकूर संपतांच खालीं मोर्तब होई. तें झाल्यावर पुढें एक अक्षरही वाढविण्याची सोय राहत नसे. साताऱ्याचें राज्य १८४८ सालीं खालसा झालें आणि पुढें १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशनास जोर आला, तेव्हां कित्येक घराण्यांचें इनाम राहणार कीं जाणार हें जुन्या सनदांच्या खरेपणावर येऊन ठेपलें. शिक्का म्हणजे साक्ष, हा धडा ह्या प्रांतास त्या वेळीं चांगलाच मिळाला.

यंत्रयुगांतील वस्तूंच्या साक्षीचे मार्ग निराळे आहेत. बिडाची वस्तु ओतावयाची असेल तर लाकडी फर्म्यावर अक्षरें बसवितात. तीं वाळूच्या साच्यांत उमटतात, आणि लोखंड थंड होतांच नांव त्याच्या अंगचेंच होऊन बसतें. पत्र्यावर ठसा मारून नांव उठवितां येतें. परंतु शिवणयंत्राच्या काळ्या रोगणावर किंवा सायकलीच्या नळीवर रंगीत अक्षरें आणि सोनेरी वेलबुट्टी हवी असेल, तर प्रत्येक नगावर कुंचल्यानें काम करणें कारखानदारास परवडत नाहीं. ह्या अडचणींतून निघालेल्या युक्तीस इंग्रजींत ट्रान्स्फर किंवा डेकल म्हणतात. चित्र आधीं कागदावर छापावयाचें आणि मग तें कागदावरून सोडवून वस्तूवर उतरावयाचें, एवढेंच तिचें सार. वाचकांपैकीं कित्येकांनीं लहानपणीं असलीं चित्रें पाण्यांत भिजवून वहीच्या पुठ्ठ्यावर उतरविलीं असतील.

ह्या युक्तीचें मूळ मातीच्या भांड्यांत आहे. लिव्हरपूल येथील जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन ह्या दोघांनीं १७५६ सालीं सहा तासांत बाराशेंहून अधिक फरशा अशा रीतीनें छापून दाखविल्याचें प्रतिज्ञेवर नमूद केलें. पुढें १७९६ च्या सुमारास सेनेफेल्डरनें शिळाछापाचा शोध लावला, आणि प्रत्येक रंगास स्वतंत्र शिळा वापरून रंगीत छपाई होऊं लागली. आपल्याकडे पुण्याची चित्रशाळा १८७८ सालीं व रविवर्म्याचा छापखाना १८९४ सालीं निघाला. त्यांचीं देवादिकांचीं चित्रें ह्याच शिळाछापाचीं. यंत्रावरील जुन्या छापा त्याच कुळांतल्या, परंतु त्यांची घडण उलटी असे. जो रंग शेवटीं वर दिसावयाचा तो कागदावर प्रथम छापीत; सोनेरी अक्षरांकरितां ओल्या रोगणावर धातूची पूड टाकीत; आणि चित्राच्या तोंडास रोगण लावून तें वस्तूवर पालथें दाबीत. मग पाठीमागचा कागद भिजवून काढला कीं चित्र सुलट उरे. सिंगर कंपनीच्या शिवणयंत्रावरील स्फिंक्सचें चित्र घरोघरीं पोहोंचलें तें छापेच्याच जोरावर.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) हे तरुणपणीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत चित्रकला शिकावयास गेले. परंतु कांहीं रंग त्यांस नीट ओळखतां येत नाहींत असें आढळून आल्यामुळें त्यांनीं रंग सोडून यंत्रांच्या रेखाचित्रांची वाट धरली. बेळगांवांत त्यांनीं व त्यांच्या वडील बंधूंनीं सायकलींचें दुकान चालविलें, आणि पुढें लक्ष्मणराव कडबा कापण्याचीं यंत्रें व लोखंडी नांगर करूं लागले. १९१० सालीं औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयानें कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. कऱ्हाडजवळ १९१६ सालीं ओगले बंधूंचा कांचकारखाना निघाला. त्यांच्या 'प्रभाकर' कंदिलानें पुढें कितीतरी खेड्यांतील रात्री उजळल्या. विलायती सायकल विकणाऱ्याच्या हातून परक्याच्या नांवाचा माल जातो. तोच मनुष्य नांगर ओतूं लागला म्हणजे मालावरील नांव त्याचें स्वतःचें होतें. स्वदेशीच्या त्या दिवसांत ह्या फरकाची किंमत फार मोठी होती. किर्लोस्करवाडीचा मुलूख १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्ह्यांत पडला, आणि १९६० पासून त्या जिल्ह्यास सांगली हें नांव मिळालें. संस्थान गेलें, जिल्हे फिरले. परंतु वस्तूवर नांव असेल तोंवर तिचा कर्ता हरवत नाहीं.

मात्र बिडांतलें नांव जितकें चिवट, तितकेंच छापेचें नांव नाजूक. हाताच्या घर्षणानें, तेलानें, उन्हानें तें झिजतें. म्हणून जुनीं यंत्रें जपणारी मंडळी अलीकडे घरच्या प्रिंटरवरच नवी छाप तयार करूं लागली आहेत. पाण्यांत विरघळणाऱ्या खळीचा थर दिलेला कागद बाजारांत मिळतो. त्यावर संगणकांत आंखलेलें नांव छापावयाचें. इंकजेटची शाई पाण्यांत पसरते, म्हणून ती पूर्ण वाळल्यावर पारदर्शक रोगणाचे दोन-तीन पातळ हात द्यावे लागतात. मग छाप कडेनें कापून अर्धा-एक मिनिट कोमट पाण्यांत ठेवली कीं खळ सुटते; ओल्या पृष्ठावर ती सरकवून जागीं बसवावयाची, आणि मऊ फडक्यानें मधून कडेकडे पाणी व हवा दाबून काढावयाची. रात्रभर वाळूं देऊन वरून पुन्हां रोगण दिलें कीं काम झालें. साध्या प्रिंटरपाशीं पांढरी शाई नसते, त्यामुळें काळ्या पृष्ठावर रंग बुडून जातात. तेथें पांढऱ्या अस्तराचा कागद घ्यावा लागतो. आणि सोनें तर त्याला साधतच नाहीं. पिवळ्या-तपकिरी ठिपक्यांनीं तो सोन्याचा केवळ आभास करतो.

हें न्यून इतिहासाच्या दृष्टीनें उपकारकच आहे. भिंगाखालीं पाहिलें असतां जुन्या छापेंत धातूची पूड चमकते आणि शिळेच्या कणीचे अनियमित ठिपके दिसतात. नवीन छापेंत यंत्रानें फवारलेल्या रंगांचे बारीक बिंदु दिसतात. परंतु भिंग घेऊन पाहणारे किती? आणि साधनें सुधारत जातील तसा हा भेदही पुसट होत जाईल. ह्या प्रांताच्या उद्योगांचा इतिहास मालकांच्या चरित्रांत थोडाफार आला. फर्मे करणारे सुतार, भट्टीवरचे फुंकारी आणि ओतारी यांच्या वांट्याला लेखणी फारशी आली नाहीं. त्यांच्या श्रमाची साक्ष द्यावयास त्यांनीं केलेल्या वस्तूच तेवढ्या उरल्या आहेत. एखाद्या निनांवी कंदिलावर उद्यां कोणीं हौसेनें प्रसिद्ध नांव चिकटविलें, तर ज्याचा तो कंदील त्या अज्ञात कारागिराची उरलीसुरली साक्षही पुसली जाईल. बनावट सनदेनें दुसऱ्याचें शेत बळकवावें, तशीच ही गोष्ट.

म्हणून नवी छाप करूंच नये असें माझें म्हणणें नाहीं. आजीचें शिवणयंत्र पुन्हां नांवानिशीं उभें राहावें ही इच्छा अगदीं स्वाभाविक आहे. फक्त शिक्क्याचे जुने नियम येथेंही पाळावे. उरलेली मूळ छाप खरवडण्यापूर्वीं शेजारीं मोजपट्टी ठेवून तिचें छायाचित्र घ्यावें, आणि शक्य तर ती खरवडूंच नये. पूर्वीं जें नांव होतें तेंच लिहावें. नव्हतें तें लिहूं नये. चालू कंपनीचें नांव छापून वस्तु विकणें हा तर कायद्याचाच भंग आहे. आणि यंत्राच्या तळाशीं, सहज न दिसणाऱ्या जागीं, 'प्रतिकृति' हा शब्द व साल छापून ठेवावें. आपल्या पूर्वजांनीं मजकूर संपला हें सांगण्याकरितां मोर्तब केलें. नव्या हातानें कोठून आरंभ केला हें सांगणारी एवढी एक ओळ आपण लिहावी. तेवढ्यानें वस्तूचें मूळ रूप परत येईल, आणि उद्यांच्या इतिहासकारास खोटी साक्षही मिळणार नाहीं.