एका आघाडीपटूची षष्ठी

साव्हो मिलोशेविच हा सर्बियाचा आघाडीपटू १०२ आंतरराष्ट्रीय सामने खेळला व त्याने ३७ गोल केले, अशी नोंद सर्वत्र सापडते. आकडे बरोबर आहेत. आम्हांस खटकते ते ‘सर्बियाचा’ हे षष्ठ्यन्त पद. त्यांतील बहुतेक सारे सामने सर्बिया नावाचा संघ अस्तित्वात येण्यापूर्वीचे आहेत. आजचे नाव कालच्या घटनेला चिकटविण्याची ही सवय साहित्येतिहास शिकविणाऱ्या आम्हां मंडळींनाही अपरिचित नाही.

मिलोशेविच १९७३ मध्ये बियेलिना येथे जन्मला. हे गाव तेव्हा युगोस्लाव्हियात होते, आज ते बोस्निया-हर्झेगोविनात आहे. बेलग्रेडच्या पार्टिझान क्लबसाठी १९९४-९५ च्या हंगामात त्याने ३० गोल केले आणि १९९५ मध्ये तो इंग्लंडच्या अ‍ॅस्टन व्हिलाकडे गेला. १९९६ च्या लीग कप अंतिम सामन्यात त्याने दुरून मारलेला गोल आजही आठवला जातो. पण हुकलेल्या संधींमुळे तिथल्या वृत्तपत्रांनी त्याच्या आडनावाची मोडतोड करून ‘मिस-अ-लॉट-एविच’ अशी कोटी केली. (राष्ट्राध्यक्ष स्लोबोदान मिलोशेविच यांच्याशी त्याचे नाते आडनावापुरतेच.)

मग आले २००० चे युरो. आदल्याच वर्षी नाटोच्या विमानांनी त्याच्या देशावर बाँबफेक केली होती. शार्लरुआ येथे पहिलाच सामना स्लोव्हेनियाशी, म्हणजे १९९१ पर्यंत एकाच देशात नांदलेल्या शेजाऱ्याशी. युगोस्लाव्हिया ०-३ ने मागे पडला, त्यातच मिहायलोविचला मैदान सोडावे लागले. उरलेल्या दहा जणांनी सहा मिनिटांत तीन गोल फेडले. त्यांतले दोन मिलोशेविचचे. पुढे नॉर्वे, स्पेन आणि ज्या सामन्यात १-६ असा धुव्वा उडाला त्या नेदरलँड्सविरुद्धही त्याने एकेक गोल केला. पाच गोलांसह तो क्लायव्हर्टच्या बरोबरीने स्पर्धेत अव्वल ठरला. हे पाचही गोल ज्या देशाच्या नावावर लागले, तो २००३ मध्ये नकाशावरून गेला.

२००६ ची कथा तर अधिकच विलक्षण. मे महिन्यात माँटेनेग्रोने सार्वमताने फारकत घेतली, आणि जूनमध्ये मिलोशेविचच्या नेतृत्वाखाली ‘सर्बिया आणि माँटेनेग्रो’ विश्वचषकात उतरला तेव्हा ते राज्य विसर्जित झालेले होते. तिन्ही सामने गेले. अर्जेंटिनाने तर सहा गोल चढविले. खुद्द सर्बियाच्या नावाने तो खेळला तो नोव्हेंबर २००८ मधला, बल्गेरियाविरुद्धचा निरोपाचा सामना. त्यात त्याने दोन गोल केले आणि दोन पेनल्टी दवडल्या. इंग्रजी वृत्तपत्रांची कोटी त्या संध्याकाळी अर्धीच खरी ठरली, असे आम्ही म्हणू.

प्रशिक्षक म्हणून त्याची कारकीर्द तुलनेने लहान आहे. तिच्यातला पहिला टप्पा होता माँटेनेग्रोच्या राष्ट्रीय संघाचा साहाय्यक म्हणून. २०१९ मध्ये त्याने पार्टिझानला रेड स्टारविरुद्ध सर्बियन चषक जिंकून दिला. आणि २०२१ मध्ये तो ज्या ओलिम्पिया क्लबच्या बाकावर बसला, तो क्लब लुब्लियानाचा, म्हणजे स्लोव्हेनियाच्या राजधानीतला.