हाडातला रक्ताचा कारखाना

गटाच्या बैठकीत आपण हिमोग्लोबिनबद्दल बोलतो. आज, हे रक्त बनतं कुठं आणि त्या जागेशी जोडलेला इतिहास काय, ते ऐकूया.

मटणाच्या नळीत मऊ गर असतो ना, तशीच मज्जा आपल्या हाडांत असते. रक्त तिथं बनतं. लहानपणी ती लाल असते. वय वाढतं तशी बऱ्याच हाडांत पिवळी चरबी साठते.

मज्जा बिघडली की काय होतं, हे दोन बायकांच्या आयुष्यातून दिसतं. मुंबईच्या मेहेरबाई टाटा बालविवाहाविरुद्ध जाहीरपणे बोलायच्या. १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरनं त्या गेल्या. घरात पैशाला तोटा नव्हता, पण तो आजार बरा करणारं औषधच तेव्हा जगात नव्हतं. पती दोराबजींनी १९३२ मध्ये या आजाराच्या संशोधनासाठी त्यांच्या नावानं ट्रस्ट काढला. पुढं १९४१ मध्ये परळला टाटा हॉस्पिटल उभं राहिलं.

दुसऱ्या मेरी क्युरी. १८९८ मध्ये पतीसोबत त्यांनी रेडियम शोधलं. वर्षानुवर्षं किरणांत काम केलं आणि १९३४ मध्ये मज्जा रक्त बनवेनाशी झाल्यानं त्या वारल्या.

याच रेडियमपासून रेडॉन वायू निघतो. खडकात, मातीत थोडं रेडियम असतंच, म्हणून रेडॉन जमिनीतून घरात येतो. त्याला ना रंग, ना वास. श्वासातून तो फुफ्फुसात आणि थोडा रक्तात जातो. तिखटाचा रंग जसा पाण्यात न उतरता तेलाच्या तवंगात उतरतो, तसा रेडॉन पाण्यापेक्षा चरबीत जास्त विरघळतो. त्यामुळं मज्जेला किती किरण लागतात, याचा हिशेब करताना शास्त्रज्ञ तिथली चरबीही धरतात.

घाबरू नका. रेडॉनचा सिद्ध झालेला मोठा धोका फुफ्फुसाच्या कॅन्सरचा आहे. आपल्या सातारा-सांगलीच्या काळ्या खडकात ग्रॅनाइटपेक्षा युरेनियम कमी असतं. तरी बंद खोलीत हा वायू साचतो. सकाळ-संध्याकाळ खिडक्या उघडा, जमिनीच्या भेगा बुजवा. चुलीचा धूरही बाहेर जाईल.

आणि सतत थकवा, वरचेवर ताप, अंगावर निळे डाग दिसले, तर दुखणं अंगावर काढू नका. आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. मेहेरबाईंच्या वेळी नसलेले उपचार आज आहेत. वेळेत पोचणं आपल्या हाती आहे.