मूल म्हणतं, ‘माझ्याशी कुणी बोलत नाही’. तेव्हा आईबाबांनी काय करायचं?

शाळेतून आलेलं मूल दप्तर फेकतं आणि म्हणतं, ‘सगळ्यांनी माझ्याशी कट्टी घेतली.’ अशा वेळी घरातून दोनच उत्तरं येतात: ‘जाऊ दे, उद्या बोलतील’ किंवा ‘थांब, मीच त्याच्या आईला फोन करते.’ दोन्हींत मुलाला स्वतः मार्ग शोधायची संधी मिळत नाही. 6 ते 12 या वयात नेमकी तीच गरजेची असते.

या वयात काय घडतं?

आतापर्यंत घर हेच मुलाचं जग असतं. आता मित्र आणि वर्ग येतो, तुलनाही सुरू होते. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांच्या मते या वयातली खरी ओढाताण ‘मला जमतं’ आणि ‘मी कमी आहे’ या दोन भावनांमध्ये असते.

बीडमध्ये काय झालं?

छत्रपती संभाजीनगरला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात 2009 मध्ये शांतीलाल मुथ्था फाउंडेशनने सुमारे 500 शाळांत ‘मूल्यवर्धन’ कार्यक्रम सुरू केला. पुढे राज्य सरकारच्या साथीने तो इतर जिल्ह्यांतही गेला. यात उपदेशापेक्षा कृतीवर भर आहे. मुलं जोडीत आणि गटात बोलतात, दुसऱ्याचं ऐकतात, एकत्र काम करतात. समता, बंधुता ही राज्यघटनेतली मूल्यं अशी रोजच्या वागण्यातून शिकायची, ही त्यामागची कल्पना.

घरी काय करता येईल?

• भावनेला नाव द्या. ‘रडू नकोस’ म्हणण्याऐवजी ‘तुला एकटं वाटलं का?’ असं विचारा. रागामागे अनेकदा लाज, भीती किंवा हेवा असतो.

• उत्तर देण्याआधी विचारा. ‘उद्या तू काय करून बघशील?’ त्याचा उपाय फसला तरी चालेल.

• खरं काम सोपवा. दुकानातून सामान आणणं, झाडांना पाणी घालणं. ‘मला जमतं’ हे कामातूनच पटतं.

• तुलना टाळा. ‘शेजारच्याला बघ किती मार्क मिळाले’ हे वाक्य ‘मी कमी आहे’ हेच शिकवतं.

• मोकळं खेळू द्या. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये आऊट की नॉट आऊट यावर वाद होतो, मग तो मिटवून डाव पुढे चालू होतो. तडजोड मुलं तिथेच शिकतात.

कधी सावध व्हायचं?

कट्टी बहुतेक वेळा दोन-चार दिवसांत मिटते. पण मूल शाळेत जायला सतत नकार देत असेल, सकाळी पोट दुखतं म्हणत असेल, झोप किंवा भूक बिघडली असेल किंवा कुणी मारत-चिडवत असेल, तर ते साधं भांडण नाही. तेव्हा मोठ्यांनी मध्ये पडायलाच हवं. आधी वर्गशिक्षकांशी बोला. गरज वाटली तर टेली-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही समुपदेशन मिळतं. मूल संकटात असेल तर चाइल्ड हेल्पलाइन 1098 वर फोन करा.