सुरू होता होता कोसळणारा संगणक : 19 जुलै 2024

बंगळुरूचे संस्थापक केम्पेगौडा यांचे घराणे येलहंक्याचे. त्याच येलहंक्यावरून बेल्लारी रस्त्याने उत्तरेकडे गेले की देवनहळ्ळीजवळ त्यांच्या नावाचा विमानतळ लागतो. शुक्रवार, 19 जुलै 2024 रोजी सकाळी तेथे इंडिगो, अकासा, स्पाइसजेट यांच्या प्रवाशांची नोंदणी हाताने करण्याची वेळ आली. देशात काही ठिकाणी तर बोर्डिंग पास चक्क पेनाने लिहून दिले गेले.

या गोंधळाचे मूळ होते भारतीय वेळेनुसार 9 वाजून 39 मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने जगभर पाठवलेल्या एका लहानशा फाइलमध्ये. आज्ञावलीला 21 घटकांची माहिती अपेक्षित होती, प्रत्यक्षात 20 पुरवले गेले. एकविसावा शोधताना ती स्मृतीच्या हद्दीबाहेर गेली. एखाद्या साध्या प्रोग्रॅममध्ये हे घडले असते तर तो प्रोग्रॅम तेवढा बंद पडला असता. हा मात्र विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, चालणारा ड्रायव्हर होता. तेथील चूक संपूर्ण यंत्रणा थांबवते आणि निळा पडदा येतो.

खरी मेख पुढे आहे. हा ड्रायव्हर संगणक सुरू होतानाच चढवला जाई. पहारेकऱ्याने चोराआधी हजर असावे, हा त्यामागचा रास्त हेतू. त्यामुळे संगणक पुन्हा सुरू केला की तीच फाइल वाचली जाई आणि पुन्हा निळा पडदा! कंपनीने 10 वाजून 57 मिनिटांनी, अवघ्या 78 मिनिटांत, सदोष फाइल मागे घेतली. परंतु दुरुस्ती यायची नेटवर्कवरून, आणि नेटवर्क जोडले जाण्याआधीच यंत्र कोसळत असे. काही आभासी संगणक पंधरा-पंधरा वेळा सुरू केल्यावर सावरले, असे मायक्रोसॉफ्टने नोंदवले. कोसळण्याआधी नवी फाइल पोहोचली, तर सुटका.

उरलेल्यांसाठी उपाय जुनाच होता : विंडोज 95 पासून चालत आलेला सेफ मोड. त्यात फक्त अत्यावश्यक ड्रायव्हर चढतात. सर्ट-इन या भारतीय संस्थेनेही त्याच दिवशी हीच कृती कळवली : सेफ मोडमध्ये जा, क्राउडस्ट्राइकच्या फोल्डरमधील 291 क्रमांकाची फाइल काढून टाका, यंत्र पुन्हा सुरू करा. काम दोन मिनिटांचे. पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने बाधित यंत्रे होती 85 लाख, आणि बहुतेकांपाशी माणसाने स्वतः जाऊन बसणे भाग होते. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर 48 अंकी किल्ली आधी हवी. ती किल्ली ज्या सर्व्हरवर जपलेली, तोच बंद पडला असेल तर काय, हा प्रश्न त्या दिवशी पुष्कळ तंत्रज्ञांसमोर होता.

20 जुलैच्या पहाटे 3 पासून देशातील विमानसेवांच्या यंत्रणा पूर्ववत होऊ लागल्या. जगभरातील सुमारे 99 टक्के यंत्रे परतायला मात्र 29 जुलै उजाडला. नोव्हेंबर 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टने नवी सोय जाहीर केली : विंडोज सुरूच होत नसले, तरी दूरवरून दुरुस्ती पोहोचवण्याची.