वजन घटवायचे, तेही खर्च न वाढवता!

बार्शीटाकळी हे अकोला जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. अकोला-मंगरूळपीर रस्त्यावर व अकोला-पूर्णा लोहमार्गावर वसलेल्या या गावापासून अकोला शहर सुमारे वीस किलोमीटर. नोकरी, शिक्षण, कोर्टकचेरी किंवा व्यापार यांसाठी रोज शहराकडे जाणाऱ्यांचा दिवस घड्याळाच्या काट्यावर सुरू होतो. सकाळी घाईत चहा, अकोल्यात उतरल्यावर पोहे नाही तर आलूबोंडा, दुपारी डबा, चारच्या सुमारास पुन्हा चहा आणि रात्री नऊनंतर घरी पोटभर जेवण. अशा माणसाला 'जरा वजन कमी करा' असे डॉक्टर सांगतात तेव्हा त्याच्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात. वेळ कुठून आणायचा आणि पैसा कुठून?

यातील पैशाचा प्रश्न बहुतांशी जाहिरातींनी निर्माण केलेला आहे. व्यायामशाळेचे शुल्क, डब्यातील प्रथिनांची भुकटी, ओट्सची पाकिटे, 'चरबी जाळणारा' चहा अशा गोष्टींशी वजन घटविण्याची सांगड घातली गेली आहे. मार्च २०२५ मध्ये भारतात आलेल्या 'मौंजारो' या इंजेक्शनच्या सर्वांत कमी मात्रेची किंमत सुरुवातीला आठवड्याला साडेतीन हजार, म्हणजे महिन्याला चौदा हजार रुपये होती. औषध गुणकारी असले तरी वऱ्हाडातील सामान्य घराच्या महिन्याच्या अंदाजपत्रकात हा आकडा बसणे अवघडच. वास्तविक वजन घटविताना घरात नवे काही आणण्यापेक्षा आधी जे येते तेच कमी आणावे लागते.

वजन जास्त आहे हे ओळखायचे कसे?

भारतीयांसाठी तज्ज्ञांनी २००९ मध्ये निश्चित केलेले निकष पाश्चात्त्यांपेक्षा कडक आहेत. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागल्यास येणारा आकडा, म्हणजेच 'बीएमआय', २३ च्या पुढे गेल्यास वजन जास्त आणि २५ च्या पुढे गेल्यास लठ्ठपणा समजावा, असे ते निकष सांगतात. पाच फूट तीन इंच, म्हणजे १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीसाठी ही मर्यादा अनुक्रमे सुमारे ५९ आणि ६४ किलो इतकी येते. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २५ ही रेषा धरली, तरी देशातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २४ टक्के स्त्रिया व २३ टक्के पुरुष त्यापलीकडे आढळले.

मात्र वजनकाटा एवढ्यावर विसंबून चालत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनमधील सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि जगभर गाजले. दोघांचाही बीएमआय २२.३, म्हणजे तंतोतंत सारखा. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटावर चरबी साठते आणि तीच पुढे मधुमेहाला आमंत्रण देते, हे डॉ. याज्ञिक यांच्या संशोधनाचे सार होय. त्यामुळे कमरेचे माप अधिक बोलके ठरते. पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा. शिंप्याची टेप एवढेच त्यासाठी लागणारे साहित्य! गावातील आशा स्वयंसेविका तिशीपुढील व्यक्तींची माहिती ज्या तपासणी-अर्जात भरतात, त्यातही कमरेच्या घेराचा रकाना आहे.

तेलाचा डबा, चहाचा कप

तेलाच्या एका ग्रॅममधून नऊ कॅलरी मिळतात, साखरेच्या एका ग्रॅममधून चार. वऱ्हाडी स्वयंपाकात झणझणीत रश्श्यावर तेलाचा तवंग दिसल्याशिवाय भाजी जमली असे मानले जात नाही. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल लागत असेल, तर माणशी दिवसाला साधारण ३८ ग्रॅम तेल, म्हणजे जवळपास ३४५ कॅलरी पोटात जातात. हेच तेल तीन लिटरवर आणले तर माणशी रोज १३५ ते १४० कॅलरी कमी होतात आणि महिन्याला दोन लिटर तेलाचे पैसेही वाचतात. भूक मारावी लागत नाही की वेगळे शिजवावे लागत नाही. फक्त फोडणीची पळी लहान करावी लागते. तेलाचा वापर दहा टक्क्यांनी घटविण्याचे आवाहन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी फेब्रुवारी २०२५ मधील 'मन की बात'मध्ये केले होते. वर सांगितलेली कपात त्याच्या चौपट आहे. म्हणून ती एका महिन्यात न करता दर महिन्याला अर्ध्या लिटरने करणे बरे, अन्यथा घरात बंड होण्याची शक्यता अधिक.

चहाचे गणित याहून सोपे आहे. दोन चमचे साखरेचे पाच कप म्हणजे ५० ग्रॅम साखर आणि २०० कॅलरी. राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये जाहीर केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार दिवसभराच्या साखरेची मर्यादा २० ते २५ ग्रॅम आहे. कार्यालयात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याबरोबर कप ओठांना लावणाऱ्याची मर्यादा दुपारच्या आतच संपलेली असते. चहा सोडणे अनेकांना जमत नाही, आणि तसा आग्रह धरण्याचे कारणही नाही. साखर मात्र आठवड्याला अर्ध्या चमच्याने कमी करता येते. जीभ महिनाभरात सरावते.

उरला प्रश्न बाहेरच्या खाण्याचा. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातील शेगावची कचोरी हा या भागाचा अभिमानाचा विषय असून तिच्यावर बहिष्कार घालावा, असे येथे सुचवायचे नाही. तथापि सत्तर किलो वजनाची व्यक्ती अर्धा तास झपाझप चालते तेव्हा जेमतेम दीडशे कॅलरी खर्च होतात आणि मैद्याच्या पारीची, तळलेली एक कचोरी त्याहून अधिक परत देते. चालण्याने वजन घटत नसल्याची तक्रार करणाऱ्यांचा हिशेब बहुधा इथेच चुकलेला असतो.

रेशनचे धान्य आणि महाग झालेली डाळ

खर्चाचा खरा पेच वेगळ्याच ठिकाणी आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येकाला महिन्याला पाच किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. हे धान्य म्हणजे प्रामुख्याने गहू आणि तांदूळ. २०२२ च्या दिवाळीत राज्य शासनाने शंभर रुपयांत दिलेल्या 'आनंदाचा शिधा' या संचातही रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल होते. अर्धपोटी राहणाऱ्या घराला या धान्याचा आधार मोठा आहे, यात शंका नाही. परंतु धान्य फुकट आणि डाळ बाजारभावाने, अशी स्थिती असली की ताटातील पोळी-भात वाढतो आणि वरण पातळ होत जाते. २०१५ मध्ये तुरीची डाळ किलोमागे दोनशे रुपयांवर गेली तेव्हा तूर पिकविणाऱ्या वऱ्हाडातील घरांनीही वरणात पाणी वाढविले. पोट भरते, पण दोन तासांत पुन्हा भूक लागते. गरिबाघरचा लठ्ठपणा म्हणून जे दिसते, त्याचे एक मूळ या ताटात आहे.

पोषण संस्थेच्या तत्त्वांनुसार दिवसभरातील ऊर्जेपैकी सुमारे ४५ टक्के धान्यांतून आणि १५ टक्के डाळी-कडधान्यांतून यावी. प्रथिनांमुळे पोट अधिक काळ भरलेले राहते आणि वजन घटताना स्नायू टिकतात, म्हणून हा वाटा महत्त्वाचा. बार्शीटाकळीच्या शिवारात त्यासाठी दूर पाहावे लागत नाही. ज्या काळ्या जमिनीत पूर्वी ज्वारी डोलत असे, तेथे आता सोयाबीनचे पीक उभे असते. वजनाच्या एक तृतीयांशाहून अधिक प्रथिने असलेले हे दाणे पोत्यांनी तेलगिरण्यांकडे जातात आणि शेतकऱ्याच्या घरी परत येतो तो तेलाचा डबा! दहा किलो गव्हात एक किलो सोयाबीन घालून दळण आणल्यास पोळीची प्रथिने वाढतात. मात्र सोयाबीन कधीही कच्चे दळू नये. ते उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे शिजवून, कडक उन्हात वाळवून मगच दळणात मिसळावे, म्हणजे उग्र वास जातो आणि पचनात अडथळा आणणारे घटकही निष्प्रभ होतात. तेल काढून उरलेल्या सोयापिठाच्या वड्या किराणा दुकानांत मिळतात. मटणापेक्षा कितीतरी स्वस्त असलेल्या या वड्यांत निम्म्याच्या आसपास प्रथिने असतात. मूठभर फुटाणे, उकडलेले अंडे, मटकीची उसळ हे पर्याय तर आहेतच.

भाकरीविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ज्वारी आणि गहू यांच्या पिठातील कॅलरी जवळपास सारख्याच असतात. भाकर खाल्ल्याने वजन उतरते असे म्हणणे त्यामुळे पूर्णपणे खरे नाही. भाकरीला तेल लागत नाही, ती जाड असल्याने सावकाश चावून खावी लागते आणि दीड-दोन भाकरींत माणूस थांबतो, हा तिचा गुण. चार पोळ्या खाणाऱ्याने चार भाकरी खाल्ल्या तर फायदा कसला? सोबत अंबाडी, चिवळ, पालकाची डाळभाजी यांसारखी पालेभाजी वाटीभर नव्हे तर अर्धे ताट भरून घेतली की पोट स्वस्तात भरते. आठवडी बाजार उठण्याच्या वेळी भाजीचे भाव उतरतात, हे गृहिणींना सांगावयास नको.

दोन वेळा की दर दोन तासांनी?

महाराष्ट्रात २०१८ च्या सुमारास घरोघरी या प्रश्नावर वाद रंगले. काटोल तालुक्यातील डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४-२००४) यांनी आपल्या व्याख्यानांतून मांडलेल्या विचारांवरून प्रेरणा घेऊन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवण आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणे, अशी पद्धत प्रचारात आणली. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचा भर याउलट थोड्या थोड्या वेळाने, स्थानिक व घरचे अन्न खाण्यावर. दोन्हींसाठी विकत काही घ्यावे लागत नाही, हे त्यांच्या लोकप्रियतेचे एक कारण असावे.

शास्त्रीय पुरावा काय सांगतो? चीनमधील ग्वांगझू येथे १३९ लठ्ठ व्यक्तींवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटाने आठ तासांच्या मर्यादेतच जेवून व दुसऱ्याने अशी मर्यादा न पाळता, पण सारख्याच प्रमाणात कॅलरी कमी केल्या. वर्षभराने पहिल्या गटाचे वजन सरासरी ८ आणि दुसऱ्याचे ६.३ किलो घटले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर अर्थपूर्ण ठरला नाही. याचा अर्थ घड्याळात जादू नाही. तरीही रोज अकोल्याला ये-जा करणाऱ्याला दोन जेवणांची शिस्त अधिक मानवण्याची शक्यता आहे, कारण बसस्थानकावरचे पोहे आणि चार वाजताचे बिस्कीट त्यात आपोआप गळून पडते. दर दोन तासांनी डबा उघडण्याची मुभा मजुरीवर किंवा दुकानाच्या गल्ल्यावर असलेल्याला कुठून मिळणार? मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण वगळू नये. साखर एकाएकी खाली येऊन जिवावर बेतू शकते. गर्भवती, स्तनदा माता आणि अठरा वर्षांखालील मुले यांच्यासाठीही ही पद्धत नाही.

तुकड्या-तुकड्यांचा व्यायाम

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला. हा व्यायाम सलग दहा मिनिटे तरी असावा, ही जुनी अट आता उरलेली नाही. एक थांबा आधी उतरून चालणे, जिने चढणे, जेवणानंतर अंगणात दहा मिनिटे फेऱ्या मारणे, हे सारे हिशेबात धरता येते. अकोल्याचा उन्हाळा पाहता मे महिन्यात सकाळी सातनंतर चालण्याचा हट्ट धरू नये. पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या या प्रदेशात उन्हाळाभर पहाट किंवा रात्र हीच वेळ. घरातल्या घरात वीस बैठका आणि भिंतीला हात टेकवून केलेले दंडही चालतात.

स्त्रियांचा प्रश्न निराळा आहे. दिवसभर राबणाऱ्या गृहिणीला 'व्यायाम करा' म्हटले की ती हसते. परंतु सर्वांचे झाल्यावर रात्री उशिरा जेवणे आणि उरलेले वाया जाऊ नये म्हणून संपविणे या दोन सवयी तिच्या वजनात भर घालतात. घरच्यांनी तिच्यासह एकाच वेळी ताटावर बसावे, भात अंदाजाने कमी लावावा. याला पैसा लागत नाही, पण घरातील जुनी रीत मोडावी लागते आणि ते काम तेल कमी करण्याहून कठीण आहे.

किती घटले म्हणजे पुरे? आठवड्याला अर्धा किलो हा वेग उत्तम समजावा. अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमाच्या २००२ मधील निष्कर्षांनुसार सात टक्के वजन घटविणे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे व्यायाम करणे हे उद्दिष्ट ठेवलेल्यांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिले. सत्तर किलोच्या माणसासाठी सात टक्के म्हणजे जेमतेम पाच किलो. त्याउलट मधुमेह जडल्यास गोळ्या आणि तपासण्यांचा खर्च आयुष्यभर पाठ सोडत नाही.

सुरुवात करण्यापूर्वी रक्तदाब व रक्तातील साखर तपासून घ्यावी. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क झाले असून तिशीपुढील व्यक्तींची ही तपासणी आरोग्य केंद्रांतही होते. वजन अचानक वाढले, सोबत थकवा व सूज असेल, तर थायरॉइडची चाचणी करावी. आणि काहीही प्रयत्न न करता वजन भराभर उतरू लागले, तहान व लघवीचे प्रमाण वाढले किंवा दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला राहिला, तर आनंद न मानता त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा.